सुताराचे घर

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून घ्यायला आपण ज्याच्यावर बसतो तो पाट, फराळाची ताटे ज्याच्यावर मांडतो तो चौरंग, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ज्याच्यापुढे समई लावतो तो देव्हारा आणि दुपारी फराळ जड झाला म्हणजे ज्याच्यावर अंग टाकतो तो झोपाळा, ह्या चारही वस्तू सुताराच्या हातच्या. आजीच्या पाटल्या कोणत्या पेढीवर घडवल्या हे घरातल्या बायकांना तीन पिढ्या तोंडपाठ असते. पैठणी येवल्याची की पैठणची, ह्यावर जावाजावांत वाद रंगतात. परंतु आजोबांचा शिसवी पलंग कोणी केला असे विचारले, तर घरातले सर्वांत वडील माणूसही ‘होता कोणी सुतार’ एवढेच सांगून गप्प बसते. ह्या ‘कोणी’चे घर कसे होते, ते राखण्याजोगे होते काय, आणि राखायचे तर त्यातले नेमके काय राखायचे, ह्याचा विचार सणाच्या निमित्ताने करायला हरकत नाही.

मराठी माणसाला स्मारकांची हौस नाही, असे म्हणता येणार नाही. मालगुंडला केशवसुतांचे घर जपलेले आहे, रत्नागिरीला टिळकांचे जन्मस्थान आहे, भगूरला सावरकरांचे घर आहे. हातांनी काम करणाऱ्यांपैकी शिल्पकारांचेही थोडेफार भाग्य उजळलेले दिसते. पुण्याचा १९२८ मधील अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) ह्यांचे अलिबागजवळच्या सासवणे गावातील घर त्यांच्या शिल्पांसह आज पाहता येते. कल्याणचे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) ह्यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ मध्ये बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून जमणाऱ्या डोंबिवलीकर तरुणांपैकी काही तरी ते शिल्पालय पाहून आलेले असतीलच. मात्र पाहुण्याला ‘चला, तुम्हाला सुताराचे घर दाखवतो’ असे म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही. पुतळा केला तर कलावंत, पलंग केला तर बलुतेदार, असा हा हिशोब आहे. आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चमत्कारिक आहे असेही कोणाला वाटत नाही.

वास्तविक ठाणे-कल्याणच्या मुलखाला लाकडाचे अप्रूप असण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण बंदर ‘कल्लिएना’ ह्या नावाने येते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी संन्याशाने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ व कापड ह्यांच्या जोडीला लाकडाचे ओंडके सांगितले आहेत, आणि ते शिसवाचे असावेत असे पंडित मानतात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली गलबते बांधायला घेतली, ती ह्याच कल्याणच्या खाडीत. गलबत बांधणे म्हणजे अखेर सुतारकामच. फरक इतकाच की तेथे सांधा चुकला तर खुर्ची कुरकुरत नाही, माणसे बुडतात. आरमाराच्या इतिहासात सरदारांची नावे आहेत. सागाच्या फळीला फळी बसवणाऱ्यांची नावे शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

आणि तरीही ह्या मुलखातल्या सुतारांना नाव नव्हतेच, असेही नाही. कोकणातून बोरघाटाने वर चढल्यावर लागणाऱ्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर जे लेख कोरलेले आहेत, त्यांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या एका वर्धकीचा लेख आहे. वर्धकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात तो शब्द ह्याच वर्धकीचा वंशज. वेणुवासाचा मुलगा सामी ह्याने ह्या ‘घरा’चे दार केले, असे तो लेख सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात चैत्याला ‘घर’ असाच शब्द आहे! दगडातल्या कामावर सुताराचे नाव कसे, असा प्रश्न कोणाला पडेल. चैत्याच्या आत जाऊन वर पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. दगडी कमानीला आतून सागवानी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ अजून जागच्या जागी आहेत. छताचा भार त्यांच्यावर यत्किंचितही नाही. खडक कोरून झाल्यावरही लोकांच्या मनातले घर लाकडाचेच होते, म्हणून त्या तेथे आहेत. राजे, व्यापारी आणि भिक्षू ह्यांच्या पंक्तीत सुताराने आपले नाव, बापाचे नाव आणि गावाचे नाव कोरून ठेवले. आणि मग पुढच्या काळात कोठे तरी ही सवय मोडली.

ती मोडली तेव्हा काय झाले, हे कल्याणच्या पारनाक्याच्या आसपासचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. वाड्याचा खांब पाहावा: खाली दगडी तळखडा, वर सागवानी खांब, त्याच्या माथ्यावर केळफुलाचे किंवा कमळाचे कोरीव काम, आणि त्यावर तुळई. सगळे काम कूस आणि साल ह्यांच्या भरवशावर. एका लाकडाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसायची. लोखंडी खिळा मध्ये आला तर तो गंजणार आणि लाकूड कुजवणार, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. वाड्यावर मालकाचे नाव आहे, कधी बांधल्याचे साल आहे, दारावर गणपती आहे. सुताराचे नाव मात्र कोठेही नाही. आज पुनर्विकासात वाडा पडतो, तेव्हा खांब नि चौकटी जुन्या बाजारात जातात आणि कोणा हॉटेलवाल्याच्या किंवा हौशी श्रीमंताच्या दिवाणखान्यात उभ्या राहतात. तेथे त्यांना ‘अँटिक’ म्हणतात. ज्या वस्तूचा बाप कोणाला ठाऊक नाही, तिला म्हणायचे हे एक भारदस्त नाव आहे, एवढेच.

आणि सुताराचे स्वतःचे घर? ते वाड्याइतके टिकाऊ नव्हतेच. गावगाड्यातल्या सुताराचे घर म्हणजे एक पडवी आणि तिच्यामागे संसार. पडवीत रंधा, पटाशी, किकरे, वाकस, करवत, गिरमिट, गुण्या. बाहेर झाडाखाली उन्हापावसात मुरत पडलेले ओंडके. आत चुलीपाशी रंध्याखाली निघालेल्या ढलप्यांची टोपली, कारण सुताराच्या बायकोला जळणाची ददात नसे. पडवीच्या एका बाजूला कोणाचा नांगर, दुसऱ्या बाजूला कोणाचा पाळणा. मुलगा बापाच्या हाताखाली आधी भुसा गोळा करी, मग हत्यारांना धार लावी, मग रंधा धरी. शाळा म्हणून जी काही होती ती हीच. गिऱ्हाईक पडवीत बसून गप्पा मारी, काम होताना पाही, मध्येच ‘जरा रुंद कर’ म्हणून सांगे. घर आणि कारखाना ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती, आणि करणारा व वापरणारा ह्यांच्यामध्येही नव्हती. पुढे काम बाजारात गेले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्यांच्या कष्टाळूपणाने तेथे जो फर्निचरचा मोठा बाजार उभा राहिला त्याने ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाचे शेकडो संसार मांडून दिले. त्या बाजाराचे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु तेथे आपण तयार कपाट पाहतो, भाव करतो, टेम्पोत घालून आणतो. ते कोणी केले, हे विचारायला तेथे पडवीच नाही.

सुताराचे घर राखले तर ते कसे दिसेल, ह्याचे उत्तर शोधायला सातासमुद्रांपलीकडे जावे लागते. मात्र तिकडच्या दोन घरांपैकी एकाची वाट आपल्याच देशातून गेलेली आहे, म्हणून हा प्रवास अगदीच परका वाटणार नाही.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात व्हार्टन एशरिक (१८८७–१९७०) नावाचा एक गृहस्थ होता. मूळचा चित्रकार. चित्रांना चौकटी कोरता कोरता तो लाकडाच्या नादी लागला आणि चित्रे मागे पडली. १९२६ पासून त्याने टेकडीवर आपली कार्यशाळा बांधायला घेतली, तिच्यातच पुढे राहू लागला, आणि जवळजवळ मरेपर्यंत तिच्यात भर घालीत राहिला. जिना, दाराच्या कड्या, दिव्याची बटणे, जमीन, सगळे त्याच्या हातचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे. १९३० मध्ये केलेला त्याचा ओक लाकडाचा नागमोडी जिना इतका नावाजला की न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो घरातून उखडून नेला आणि मग परत आणून बसवला. एशरिकच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये ह्या घराचे संग्रहालय झाले आणि १९९३ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

हे घर सुंदर आहे ह्यात वाद नाही. तथापि त्यात एक दोषही आहे: जिकडे पाहावे तिकडे एकच माणूस. खुर्चीत तो, जिन्यात तो, खिडकीत तो. घरात वावरणाऱ्या दुसऱ्या कोणाला आपली एखादी खुंटी ठोकायलाही जागा नसावी, असे वाटत राहते. पण नेमकी खुंटीच ह्या घराला तारते. कोट टांगण्यासाठी एशरिकने भिंतीवर ज्या खुंट्या केल्या, त्यांना त्याने घर बांधायला आलेल्या कामकऱ्यांची तोंडे कोरली आहेत, थोडी थट्टेची, व्यंगचित्रासारखी. राजवाड्यात कोणी कामकऱ्यांची तोंडे कोरीत नाही. येथे मात्र पाहुणा आपला कोट टांगतो, तो ज्याने हे घर बांधले त्याच्याच नाकावर! त्या खुंट्यांमध्ये सामी वर्धकीच्या लेखाचा दूरचा भाऊ दिसतो.

दुसरे घर जॉर्ज नाकाशिमाचे. हा १९०५ मध्ये अमेरिकेत जपानी आईबापांच्या पोटी जन्मला, तेथेच वास्तुशास्त्र शिकला, आणि टोकियोत अँटोनिन रेमंड ह्या वास्तुविशारदाच्या कचेरीत नोकरीला लागला. ह्या कचेरीकडे पाँडेचरीच्या अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ ह्या निवासाचे काम आले, तेव्हा ते पाहण्यासाठी नाकाशिमा हिंदुस्थानात आला. १९३७ ते १९३९ ही वर्षे त्याने तेथे काढली, आश्रमाचा साधक झाला, ‘सुंदरानंद’ हे नाव घेतले. भर उन्हाळ्यातही वारा खेळता राहावा म्हणून आडव्या झडपांच्या भिंती आणि सागवानी सरकते दरवाजे असलेली ही काँक्रीटची इमारत भारतातल्या आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या नमुन्यांत गणली जाते. सागवानाशी त्याचा परिचय झाला तो असा, आपल्याकडे.

पुढे महायुद्ध आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांना शत्रू समजून १९४२ मध्ये छावण्यांत डांबण्यात आले. नाकाशिमा, त्याची बायको मॅरियन आणि काही आठवड्यांची तान्ही मुलगी मीरा ह्यांना आयडाहो प्रांतातल्या मिनिडोका छावणीत जावे लागले. वास्तुशास्त्राची मोठी पदवी घेतलेला हा माणूस तेथे गेंतारो हिकोगावा नावाच्या एका जपानी सुताराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. जपानी हत्यारे कशी धरायची, सांधा कसा जुळवायचा आणि मुख्य म्हणजे घाई कशी करायची नाही, हे तो काटेरी कुंपणाच्या आत, टाकाऊ लाकडावर शिकला. १९४३ मध्ये जुन्या मालकाने, रेमंडने, त्याला सोडवून पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होप गावाजवळच्या आपल्या शेतावर आणले. तेथे त्याच्याकडे काम आले कोंबड्या राखण्याचे! युद्ध संपल्यावर त्याने जवळच तीन एकर जागा मिळवली, तीही पैशाऐवजी बरीचशी श्रमाने फेडून. कुटुंब तंबूत राहिले. नवऱ्याने आधी कार्यशाळा बांधली आणि मग घर. हा क्रम गृहिणींना पटणार नाही. पण ज्या घरात भाकरी रंध्याच्या टोकावर येते तेथे दुसरा क्रम नसतो.

पुढच्या तीस वर्षांत त्या जागेवर एकेक इमारत उभी राहिली. १९५७ च्या सुमारास त्याने पातळ काँक्रीटच्या शंखाकृती छपराचा ‘कोनॉइड स्टुडिओ’ बांधला, १९६७ मध्ये कलाभवन, त्यानंतर पाहुण्यांचे घर. लाकूड साठवण्याच्या कोठ्या पाहण्यासारख्या आहेत. एका खोडाच्या फळ्या करवतीखालून ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने एकीवर एक रचून, मध्ये वाऱ्याला जागा ठेवून, वर्षानुवर्षे सुकत ठेवलेल्या. जणू झाड कापूनही मोडलेले नाही. फळीची नैसर्गिक वेडीवाकडी कड तो सहसा कापीत नसे. भेग असली तर ती लपवण्याऐवजी फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवून तो ती रोखून धरी, आणि तीच त्या टेबलाची शोभा होई. मॅरियन हिशोबाच्या वह्या आणि गिऱ्हाइके सांभाळी. १९६४ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन फर्निचरचे नमुने करून गेला. १९९० मध्ये तो वारला, तरी करवत थांबली नाही. मीराने ते काम पुढे चालवले. २०१४ मध्ये ह्या जागेलाही राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दोन्ही घरांना तोच मान मिळाला. पण ह्या दोन घरांतला भेद मोठा आहे. एशरिकच्या घरात सुतार राहत होता, नाकाशिमाच्या घरात सुतारकाम राहते. पहिल्यात हत्यारे भिंतीवर आहेत. दुसऱ्यात ती हातात आहेत. सुताराच्या घराची परीक्षा करायची कसोटी हीच असावी असे मला वाटते. कवीचे घर रिकामे असले तरी चालते, कारण कविता पुस्तकात सुरक्षित असते. सुताराची विद्या पुस्तकात मावत नाही. किती दाबायचे, कोठे थांबायचे, नस उलटी आली म्हणजे रंधा कोणत्या बाजूने फिरवायचा, हे हातातून हातातच जाते. ज्या घरात हात थांबले, तेथे वस्तू उरतात आणि विद्या जाते.

म्हणून नाकाशिमाचे घर निर्दोष ठरते असे मात्र नाही. १९८१ मध्ये त्याने ‘द सोल ऑफ अ ट्री’ नावाचे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. झाडाला आत्मा आहे आणि सुतार त्याला दुसरा जन्म देतो, हा त्याचा सूर आहे. सूर गोड आहे. पण झाडाच्या आत्म्याची इतकी वास्तपुस्त करताना हाताखालच्या माणसांचा विसर पडतो की काय, अशी शंका येते. नाकाशिमाच्या कार्यशाळेत अनेक कसबी कारागीर राबत. टेबलाच्या खालच्या अंगाला शाईने नाव लिहिले जाई ते गिऱ्हाइकाचे. उत्तरायुष्यात तो स्वतःची सही करू लागला. सांधा जुळवणाऱ्याचे नाव त्या फळीवरही नाही. शिवाय साधेपणाचा हा माल श्रीमंतांच्याच घरात गेला. १९७३ मध्ये रॉकफेलरच्या घरासाठी दोनशेहून अधिक वस्तूंची मागणी आली. आज तर शहरांतल्या झगमगीत दुकानांत वेड्यावाकड्या कडांच्या फळ्यांवर चकचकीत राळ ओतून जी टेबले विकली जातात, त्यांत भेग उरली आहे आणि भेगेमागची समजूत गेली आहे. गुरूचा दोष त्याच्या नकलाकारांत मोठा होऊन दिसतो, तो असा.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध असा की ठाणे-कल्याणच्या लोकांना राखणे जमत नाही, असे मुळीच नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दीडशे वर्षे पुस्तके सांभाळणारी ही गावे आहेत. त्यांनी शब्दांची घरे निष्ठेने राखली, हातांच्या घरांकडे मात्र पाहिले नाही. दोष संस्थांचा नाही, आपल्या सर्वांच्या दृष्टीचा आहे. विद्या म्हटली की आपल्याला ग्रंथच आठवतो.

आता वाड्यांपैकी थोडे उरले आहेत आणि पडवीत बसून काम करणारे सुतार त्याहूनही थोडे. ह्या मुलखात कोणाला सुताराचे घर राखायची बुद्धी झाली, तर काचेच्या कपाटात गंजलेला वाकस ठेवून त्याखाली चिठ्ठी लावण्याने ते साधणार नाही. एक पडवी राखावी, तिच्यात एक म्हातारा सुतार आणि दोन पोरे असावीत. त्यांना पोटापुरते काम मिळावे. आणि शाळेच्या मुलांनी दगडी तळखड्यावर बसून रंध्याखालून निघणारी ढलपी कशी कुरळी होते ते पाहावे. वाडा पाडताना खांब विकायचा असेल तर विकावा, पण तो कोणी घडवला हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून कोठे तरी लिहून ठेवावे. नावच सापडले नाही, तर निदान तो कोणत्या गावाहून आला हे लिहावे. सामीने स्वतःच्या नावाबरोबर गावही लिहिले होते, ते उगाच नव्हे.

ह्याला सरकारही लागत नाही नि वर्गणीही लागत नाही, असा एक आरंभ प्रत्येक घरात करता येईल. ह्या दिवाळीत नवे कपाट, नवा देव्हारा किंवा लेकीच्या बाळासाठी पाळणा करून घेणार असाल, तर काम संपल्यावर सुताराला आत बोलवावे, फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवावे, आणि त्याच्या हातात पटाशी किंवा पेन्सिल देऊन त्या वस्तूच्या खालच्या अंगाला त्याचे नाव, गाव आणि साल लिहायला सांगावे. तो लाजेल, ‘कशाला, साहेब’ म्हणेल. तरी लिहून घ्यावे. पन्नास वर्षांनी एखादे नातवंड तो पाळणा उलटा करून पाहील, आणि तेव्हा ‘होता कोणी सुतार’ असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.